वेणातीर नगरचा आद्य रहिवासी

मानवी संस्कृती नद्यांच्या काठी जन्माला आली, असं इतिहास सांगतो. माणूस पाण्यापाशी आला, थांबला, त्यानं चूल मांडली आणि पुढे नगरं उभी राहिली. हिंगणघाटच्या बाहेर वेणा नदीच्या काठावर वेणातीर नगर उभं राहिलं, तेही असंच पाण्यापाशी. फक्त तिथे माणसं आली ती पाण्याच्या ओढीनं नव्हे. स्टेशनकडचे प्लॉट त्यांच्या आवाक्यात नव्हते.

कारण काही असो, नगर वसलं की त्याचा कोणीतरी पहिला रहिवासी असतोच. वेणातीर नगराला तसे दोन होते. दोघंही हयात होते, शेजारीशेजारी राहत होते आणि मधल्या कंपाउंडच्या एकाच भिंतीला आपापल्या बाजूनं वेगवेगळा रंग देत होते.

त्यातले एक रूपराव. वय बहात्तर. आयुष्यभर त्यांनी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रकाचं काम केलं. कोणती गाडी आधी आली, कोणती मागून आली, कोणती आलीच नाही, हे लिहून ठेवायचं आणि भोंग्यावरून सांगायचं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला, आपण स्वतः आयुष्यात एकदा तरी कुठे पहिले पोचलो होतो, याचं अप्रूप असणारच.

दुसरे प्रभाकरराव. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. वय चौऱ्याहत्तर, आणि सगळे दात स्वतःचे.

दातांचं रूपरावांना फार लागत असे. बाकीचं त्यांनी सोसलं होतं. प्रभाकररावांच्या बोअरला गोड पाणी लागलं आणि तिथून पंधरा फुटांवर आपल्या बोअरला असं लागलं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे सोसलं. प्रभाकररावांनी घराचं जोतं साडेतीन फूट उचललं होतं, रूपरावांनी दोन; त्यामुळे एका वर्षी वेणेला पूर आला तेव्हा पाणी रूपरावांच्या देवघरात शिरलं आणि प्रभाकररावांच्या तिसऱ्या पायरीला शिवून पाहुण्यासारखं माघारी फिरलं, हेही सोसलं. त्या दिवशी प्रभाकररावांनी वरून हाक मारून विचारलं होतं, "रूपराव, चहा पाठवू का?" गुडघाभर पाण्यात उभं राहून रूपरावांनी तो चहा प्यायला होता. त्याला तीस वर्षं झाली. चहा अजून पचला नव्हता.

पण गोड पाणी, उंच जोतं, हैदराबादला मोठ्या पगारावर असलेला मुलगा, एकशेवीस-ऐंशीचं ब्लडप्रेशर आणि बत्तीस दात, या सगळ्याला रूपरावांकडे एकच उत्तर होतं. रोज सकाळी दात घासताना, म्हणजे वाटीतली कवळी घासताना, ते भिंतीपलीकडे पाहत आणि मनात म्हणत: आधी मी आलो.

यंदा नगराला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. नगर विकास समितीचा अध्यक्ष धनंजय याला पुढच्या निवडणुकीची स्वप्नं पडत होती. त्यानं चौकात काळ्या ग्रॅनाइटची शिला लावायचं ठरवलं. उत्साही माणूस, त्यानं शिला आधी कोरून आणली आणि सभा मागून बोलावली. शिलेवर लिहिलं होतं, 'वेणातीर नगर. स्थापना १९८५. आद्य रहिवासी मा. श्री.' आणि त्यापुढे वीतभर जागा मोकळी.

ती वीतभर जागा रूपरावांनी पाहिली आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडची चव गेली.

"तुमचंच नाव येईन नं," त्यांच्या पत्नी कोकिळाबाई म्हणाल्या. "काऊन जीव जाळून राह्यले?"

"त्यानं अर्ज देल्ला."

"कोणं?"

रूपरावांनी नुसती भिंतीकडे मान केली. जुन्या बायका जसं नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं रूपराव शेजाऱ्याचं घेत नसत.

"तं देऊ द्या. दोघायचं टाका म्हना."

"दोघायचं? एका फलाटावर दोन गाड्या लागतेत काय वं?"

"मले काय मालूम? मी कधी फलाटावर बसली नाई. मी चाळीस वर्षं ह्या घरात बसली."

वादाची हकीकत अशी. १९८५ च्या अक्षय तृतीयेला रूपरावांनी नव्या घराची घरभरणी केली. त्या दिवशी सगळ्या लेआउटमध्ये दुसरं छप्पर नव्हतं. प्रभाकररावांचं बांधकाम खिडकीच्या उंचीला येऊन थांबलं होतं. चुलीवर दूध उतू गेलं, नेमकं पूर्वेकडे गेलं, साठ माणसं जेवली. इथपर्यंत कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप संध्याकाळबद्दल होता. संध्याकाळी रूपराव कोकिळाबाईंना घेऊन गावातल्या भाड्याच्या खोलीवर परत गेले, कारण नव्या घरात ना वीज होती ना पाणी, आणि कोकिळाबाईंना आठवा महिना होता. चार दिवसांनी त्या बाळंतपणाला माहेरी अल्लीपूरला गेल्या. मंडळी वेणातीर नगरात खरोखर राहायला आली ती दिवाळी झाल्यावर, पाच महिन्यांच्या जयाला कडेवर घेऊन.

प्रभाकररावांची घरभरणी दसऱ्याला झाली, आणि ते तिथेच राहिले.

म्हणजे दुधाच्या मापानं रूपराव सहा महिने पुढे, आणि अंथरुणाच्या मापानं प्रभाकरराव तीन आठवडे पुढे.

निवाड्याचं काम प्राध्यापक रत्नदीप यांच्या गळ्यात पडलं. ते कॉलेजात इतिहास शिकवत आणि समितीच्या स्मरणिकेत नगराचा इतिहासही तेच लिहीत होते. त्यांना स्वतःला शिलेत रस नव्हता. "आमचे बाबा तिसरे आले," ते सांगत. "बुद्धवंदना घेतली, खीर वाटली, तारीख दारामागं खडूनं लिहून ठेवली. मुहूर्ताची भानगड नाही, साक्षीदाराची गरज नाही. इतका स्वच्छ पुरावा दोघांकडेही नाही. पण तिसऱ्याची शिला लावायची आपल्यात पद्धत नाही."

पहिली सभा रविवारी सकाळी मारुतीच्या देवळामागच्या टिनाच्या शेडमध्ये भरली.

"घरभरणी झाली, तेव्हाच मी आलो," रूपराव म्हणाले. सभेत ते पुस्तकी बोलत. "गाडी फलाटाला लागली की ती आली. प्रवासी मागाहून चढतात. प्रवासी चढले नाहीत म्हणून गाडी आलीच नाही, असं आम्ही अठ्ठावीस वर्षांत कधी लिहिलं नाही."

"गाडी आली नव्हती, रूपराव," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. त्यांना शांतपणे बोलता येत असे, हेही सोसण्याच्या यादीत होतं. "रिकामी बॉडी उभी होती. ड्रायव्हर सासरवाडीला होता."

शेड हसली. प्रभाकररावांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण तो हसू दिसेल इतपतच. रत्नदीप लिहून घेत होते. लिहिता लिहिता तेही हसले, आणि ते रूपरावांनी टिपलं.

"घर रिकामं नव्हतं!" रूपरावांचा आवाज चढला. "घरभरणी झाल्यावर घर अंधारात ठेवत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरात दिवा होता. त्याच रात्रीपासून होता. दिवाळीपर्यंत एक दिवस माझं घर अंधारात राहिलं नाही. दिवा असतो तिथे वस्ती असते!"

हा मुद्दा शेडला पटण्यासारखा होता. दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"दिवा कोणी पाहिला?" रत्नदीपांनी विचारलं.

"साक्षीदार आणतो," रूपराव म्हणाले आणि खाली बसले. प्रभाकररावांच्या चेहऱ्यावर किंचित आठी पडलेली त्यांनी पाहिली. त्या रविवारी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

साक्षीदाराचं नाव प्रेमदास. लेआउट पडला तेव्हा तो तिथला चौकीदार होता. लोकांच्या सिमेंटच्या थैल्या आणि सळाखी राखायचा. घरभरणीच्या संध्याकाळी रूपरावांनी घराची चावी आणि तेलाची बाटली त्याच्या हाती दिली होती आणि घर अंधारात ठेवू नको, असं बजावलं होतं. आता तो गिरडला मुलाकडे असतो, एवढं रूपरावांना ठाऊक होतं. सोमवारी ते समुद्रपूरवरून गिरडला जाणारी गाडी धरून निघाले. गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली. एरवी त्यांनी कंट्रोलरला सुनावलं असतं. त्या दिवशी सोडून दिलं.

दर्ग्याच्या टेकडीखाली प्रेमदासच्या मुलाची रसवंती होती. प्रेमदास बाजेवर बसून उसाची पेरं सोलत होता.

"वळखलं काय, प्रेमदास?"

"बसस्टँडवाले भाऊ! लय म्हातारे झाले नं बापा तुमी."

"तू का तरणा राह्यला?"

"मी तं पह्यलेपासूनच म्हातारा दिसो. मले काई फरक नाई पडला."

रूपरावांनी शिलेची, सभेची आणि शेजाऱ्याची हकीकत सांगितली. शेजाऱ्याची जरा लांबली. प्रेमदासनं ऐकून घेतलं.

"मले एवढंच सांग," रूपराव म्हणाले, "दिवा रोज लागे का नाई?"

"लागे नं भाऊ. एक दिस चुकला नाई."

"बस. सभेत एवढंच सांगजो."

"सांगन नं. जे हाये थे सांगन."

या बोलण्याचा दुसरा भाग रूपरावांनी ऐकला, पण नोंदवला नाही. रसाचे दोन ग्लास पिऊन ते परतीच्या गाडीत बसले आणि घरापर्यंत मनातल्या मनात शिला वाचत आले. आपल्या नावाआधी 'मा. श्री.' किती सहज बसतं, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं.

दुसऱ्या सभेला शेड भरली. प्रेमदास कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता. सोबत बायको, पंचफुला. तीनदा आग्रह केला तेव्हा दोघं खुर्चीत टेकली. रूपरावांनी स्वतः उठून दोघांना पाणी दिलं आणि प्रभाकररावांकडे न पाहिल्यासारखं करून पाहिलं.

"प्रेमदासभाऊ," रत्नदीपांनी सुरुवात केली, "अक्षय तृतीयेपासून दिवाळीपर्यंत रूपरावांच्या घरात दिवा लागत होता?"

"हाव. रोज."

रूपरावांनी शेडभर नजर फिरवली.

"तो कोण लावायचं?"

"मी लावो. नाई तं हे लावे, पंचफुला."

"म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी येऊन लावत होतात."

"येऊन कायले? तठीच राहो आमी."

रत्नदीपांनी वहीतून मान वर केली.

"तिथे म्हणजे?"

"भाऊच्या घरात. भाऊ म्हने घर अंधारात ठेवू नको. आता दिवा अंदर अन् मानूस भायेर, असं कसं जमन? वाऱ्यानं इझे. मंग पावसाळा लागला. बिऱ्हाडच नेलं अंदर. दिवाळीत भाऊचा निरोप आला का सामान येऊन राह्यलं, तवा निंगालो."

"आमचा गुलाब तठीच झाला," पंचफुला म्हणाली. इतक्या लोकांसमोर आपल्याला बोलता येतं, याचं तिला नवल वाटत होतं. म्हणून ती आणखी बोलली. "ऋषिपंचमीले. मधातल्या खोलीत. पाळणा बांधाले काई नोहतं, तं ह्यायनं स्लॅबातून निंगालेल्या सळाखीचा आकडा वाकवला. असन अजून. मजबूत होता."

आकडा अजून होता. गेली चाळीस वर्षं कोकिळाबाई तो आल्यागेल्याला दाखवत होत्या. बाळंतपणाहून परत आल्या तेव्हा मधल्या खोलीत पाळण्यासाठी आकडा तयार होता, आणि हा माणूस तोंडानं बोलत नाही पण मनानं किती विचार करतो, असं म्हणून त्यांनी रूपरावांचे पुढचे पुष्कळ गुन्हे माफ केले होते. बायकांच्या खुर्च्यांमधून त्या उठल्या.

"थो आकडा तं तुमी लावला होता नं!"

रूपराव भोंग्याची वायर निघाल्यासारखे उभे होते.

"म्या इचारलं होतं तुमाले. का वो, हे तुमी केलं? तं मान हालवली तुमी. अन् माह्या घरात बाळंतपण झालं, थे मले चाळीस वर्षानं समजून राह्यलं?"

"दिवा तर रोज होता," रूपराव म्हणाले. त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

आता प्रभाकरराव उठले. सदऱ्याची बाही नीट केली. "रूपराव तिथे राहत नव्हते, हे त्यांच्याच साक्षीदारानं सांगितलं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही," ते आनंदानं म्हणाले. "माझी तारीखही याच साक्षीदाराला विचारा. म्हणजे कोणाला शंका नको. प्रेमदास, मी केव्हा आलो रे राहायला?"

"तुमी?" प्रेमदासनं आठवायला वेळ घेतला नाही. "तुमी तं पितर चालू होते तवा आलते."

"दसरा," प्रभाकरराव म्हणाले. "दसऱ्याला घरभरणी झाली माझी."

"थे पूजा झाली दसऱ्याले. राहाले तुमी त्याच्या आंधी आलते नं. सर्वपित्रीच्या आंधी. घरमालकानं सामान भायेर काढलं होतं तुमचं. बैलबंडीवर गाद्या होत्या. बाई रडून राह्यल्या होत्या, का असल्या दिसात नव्या घरात पाय टाकू नये. मंग मीच बंडी खाली केली."

प्रमिलाबाईंचा पदर तोंडावरून कपाळावर गेला. नगरात येणाऱ्या प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला त्या घरची चटणी नेऊन देत आणि सोबत सांगत, की मुहूर्त पाहिल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका. आम्ही दसरा साधला, म्हणून आमचं बघा कसं सगळं चांगलं झालं. त्यांच्या सांगण्यावरून नगरातल्या दोघांनी भाड्याच्या घरात अख्खा अधिक महिना काढला होता. ते दोघंही शेडमध्ये होते आणि आता एकमेकांकडे पाहत होते.

"तुले काय करा लागते रे गाद्या-फिद्या!" प्रभाकरराव गरजले. शांतपणा गेला आणि त्यासोबत पुस्तकी बोलणंही.

रूपरावांना त्या क्षणी जो आनंद झाला, तो जया झाली तेव्हा झाला नव्हता. पण तो टिकला जेमतेम अर्धा मिनिट. कारण धनंजय बोटांवर काहीतरी मोजत होता.

"पण काका," तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दसऱ्याच्याही आधी आले ना! पंधरा-वीस दिवस अजून पुढे गेले तुम्ही."

प्रभाकररावांचा राग उतरला. त्यांनी हे लक्षात घेतलं नव्हतं.

"तसं पाहिलं तर," रत्नदीप हळूच म्हणाले, "प्रेमदासभाऊ एप्रिलपासून..."

"सर, ते चौकीदार होते," धनंजय म्हणाला. "ड्यूटीवर होते. रहिवासी म्हणजे ज्याचा प्लॉट, तो. मग मालकांमध्ये पहिले राहायला कोण आले? प्रभाकरकाका. विषय संपला. टाका नाव."

प्रमिलाबाईंनी पदर कपाळावरून खाली घेतला. पितृपक्षाची नामुष्की आणि ग्रॅनाइट यांच्यात त्यांनी मनाशी तोलून पाहिलं असावं, आणि ग्रॅनाइट जड भरला असावा. प्रभाकरराव हसू लागले. रूपरावांना ते हसू सावकाश उघडताना दिसलं: आधी समोरचे चार, मग सुळे, मग कडेचे, मग थेट अक्कलदाढा. सगळे स्वतःचे.

रूपराव उठले. आपण काय बोलणार आहोत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त ती वीतभर मोकळी जागा दिसत होती आणि तिच्यात बरोब्बर मावणारं ते नाव.

"थांबा!" ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षं भोंग्याशिवायही स्टँडभर पोचलेला आवाज तो, शेड थांबली. "प्लॉट कोणाचा, हे तलाठ्याला विचारा. नगर कोणी वसवलं, हे मला विचारा. या जागी पहिली चूल कोणी पेटवली? प्रेमदासनं. पहिला पावसाळा कोणी काढला? त्यानंच. पहिलं मूल कोणाचं रडलं? त्याचंच, गुलाब. मी तेव्हा सासरवाडीला होतो. माझे मित्र बरोबर बोलले."

'माझे मित्र' हे शब्द ऐकून प्रभाकररावांनी मागे वळून पाहिलं, की कोणाबद्दल चाललं आहे.

"मला खोटा मान नको," रूपराव पुढे म्हणाले. त्यांचा गळा भरून आला होता. मत्सरानंही गळा भरून येतो, पण तो ऐकणाऱ्याला वेगळा ओळखता येत नाही. "ज्याच्या दिव्यानं माझं घर उजेडात राहिलं, तोच या नगराचा आद्य रहिवासी. शिलेवर माझं नाव टाकू नका." ते क्षणभर थांबले आणि सरळ शेजाऱ्याच्या दातांकडे पाहून म्हणाले, "आम्हा कोणाचंच टाकू नका!"

टाळ्या पडल्या. आधी मागून पडल्या, मग सगळीकडून. रत्नदीपांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. धनंजयनं एका नजरेत शेड मोजली, चौकीदाराचं नाव शिलेवर टाकणारा अध्यक्ष कसा दिसेल याचा विचार केला, आणि ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं. प्रभाकररावांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्या त्यांनी तीन वाजवल्या.

"माहं नाव कायले भाऊ?" प्रेमदास म्हणत होता. "मी तं सिमेंट राखाले होतो." पण आता त्याचं कोणी ऐकत नव्हतं. त्याचा सन्मान ठरून गेला होता.

घरी आल्यावर कोकिळाबाईंनी आधी मधल्या खोलीत जाऊन तो आकडा नीट पाहून घेतला. मग ताट वाढताना म्हणाल्या, "खरं सांगा. त्या प्रेमदासाची दया आली, का त्या शेजाऱ्याचं नाव नोहतं येऊ द्याचं?"

"दोन्ही."

"आंधी कोणतं?"

कोणती गाडी आधी आली हे सांगण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते रूपराव वरणाकडे पाहत राहिले.

पुढचे काही दिवस मात्र त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले गेले. मोबाइलवरचं भाषण नगरभर फिरलं, मग गावभर. जयाच्या सासरच्यांनी पाहिलं. दूधवाला 'काका' म्हणायचा, तो 'साहेब' म्हणू लागला. एका शाळेनं त्यांना 'मनाचा मोठेपणा' या विषयावर बोलायला बोलावलं, आणि ते गेलेही. सकाळी कवळी घासताना त्यांना एकदा जाणवलं की भिंतीपलीकडून कोणीतरी पाहतंय. प्रभाकरराव होते. चाळीस वर्षांत प्रथमच ते आधी उठले होते. रूपरावांनी त्यांच्या नजरेत आपली स्वतःची नजर ओळखली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ कवळी घासली.

प्रभाकरराव स्वस्थ बसणारे नव्हते. तिसऱ्या सभेत ते म्हणाले, "चौकात शिला लावली तर म्हशी अंग घासतात. त्या प्रेमदासचा अपमान होईल. माझी रस्त्याकडची भिंत घ्या. मी टाइल्स लावून देतो, वर छोटा लाइट देतो. माझ्या घराचं नाव नको, काही नको. फक्त जागा माझी."

सगळ्यांना ते फार आवडलं. काहींनी हेही मनाचा मोठेपणाच असल्याचं म्हटलं.

रूपरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं: येणारेजाणारे प्रभाकररावांच्या भिंतीपुढे थांबताहेत, वाचताहेत, आणि प्रभाकरराव ओट्यावर खुर्ची टाकून, गोड पाणी देऊन, त्यांना इतिहास समजावून सांगताहेत.

"इतिहास सार्वजनिक असतो," ते ताडकन म्हणाले. "तो कोणाच्या खासगी भिंतीवर लागत नाही. शिला चौकातच लागेल. रीतसर परवानगी काढून लागेल."

"काका, परवानगी कोण काढते?" धनंजय म्हणाला. त्याचं बरोबर होतं. नगरातला रस्ता, मारुतीचं देऊळ, ही टिनाची शेड, यांपैकी कशालाच कोणी परवानगी काढली नव्हती, आणि कशाचंच काही अडलं नव्हतं.

"मी काढतो," रूपराव म्हणाले.

त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, तीन प्रतींत. चौकाचा नकाशा काढला. त्यात आपलं घर जरा ठळक आलं, तेवढं सोडलं तर नकाशा अचूक होता. सर्व्हे नंबर घातला. 'सदर वस्ती सन १९८५ पासून अस्तित्वात असून' असं एक वाक्य त्यांनी विशेष प्रेमानं लिहिलं. कार्यालयाच्या खिडकीवर उभं राहून पोच घेतली, पोचेवर शिक्का मारून घेतला, शिक्का अस्पष्ट उमटला म्हणून पुन्हा मारून घेतला.

उत्तर सात आठवड्यांनी आलं. पोस्टमननं पाकीट फाटकापाशी दिलं आणि रूपरावांनी ते तिथेच उभं राहून फोडलं. आधी त्यांनी पत्रात कुठे प्रभाकररावांचं नाव आहे का, ते पाहिलं. नव्हतं. तेव्हा समाधानानं चष्मा नीट करून त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं.

पत्रात म्हटलं होतं की अर्जात नमूद जागेची अभिलेखावरून तपासणी केली असता, सदर सर्व्हे नंबर ही शेतजमीन असून तिच्यावर कोणताही मंजूर लेआउट, रस्ता, चौक अथवा वस्ती आढळून येत नाही. सबब तेथील चौकात शिला बसविण्यास परवानगी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. घरपट्टी दरवर्षी येत असे, पण ती दुसऱ्या टेबलावरून. सोबत सात-बाराची प्रत जोडली होती. तिच्यात यंदाच्या पिकाच्या रकान्यात तूर लिहिली होती.

सरकारी नोंदीप्रमाणे वेणातीर नगरात अजून कोणीही राहायला आलेलं नाही.